भागुबाईंचा शाहीर

भागुबाई सोनवणे यांना मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. निमगाव केतकीच्या विहाराच्या एकाच भिंतीला टेकून आम्ही वीस-पंचवीस वर्षं भीमगीतं ऐकली. पण त्यांचं माहेर करमाळ्याकडचं होतं, लहानपणी त्या वीटभट्टीवर राबल्या होत्या, त्यांना एक धाकटी बहीण आहे, हे सगळं मला त्या गेल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुसऱ्यांच्या तोंडून कळलं. त्याच दिवशी जयंती समितीची चिटणीस मेघना मला म्हणाली, "तात्या, त्यांच्या शेजारी कायम तुम्हीच बसायचात. स्मरणिकेसाठी तुम्हीच लिहा." मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली आणि रजेच्या अर्जाशिवाय काही लिहिलं नाही. शेजारी बसलं म्हणजे माणूस कळतं असंही नाही. पण त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक हकिगत माझ्याशिवाय कोणाला पुरती माहीत नाही. तेवढी सांगतो.

भागुबाई आठवडी बाजारांत सुकट-बोंबील विकायच्या. आज निमगाव, उद्या इंदापूर, परवा बारामती, असा त्यांचा फेरा असे. पाटी एसटीच्या मागच्या सीटखाली सरकवायची आणि कंडक्टरने नाक मुरडलं की त्यालाच कालवणाची कृती सांगायची. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून त्यांचा फेरा वाढला होता. बाजार जिथे असेल तिथल्या आसपास संध्याकाळी कुठे जलसा आहे का, हे त्यांना बरोबर ठाऊक असे, आणि असला की पाटी कोणाच्या तरी ओट्यावर ठेवून त्या जाऊन बसत.

त्यांचा गायक एकच, बारामतीचे शाहीर सोपानदादा रणपिसे. ऐंशीच्या घरातले, पांढरा सदरा, गळ्यात निळं उपरणं. भागुबाईंना अक्षर येत नव्हतं. बाबासाहेब कोण, त्यांनी काय केलं, तळं कुठलं आणि पाणी कसलं, हे त्यांना या माणसाच्या गाण्यातून कळलं होतं. "लोकांची शाळा असती, माझी ढोलकी हुती," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. स्वतःबद्दल त्यांनी माझ्याशी बोललेलं जवळजवळ तेवढंच.

आमच्याकडे जयंतीचा जलसा चौदा एप्रिलला होत नाही. त्या दिवशी सगळ्या गावांना गायन पार्ट्या कुठून पुरणार? म्हणून गावोगाव तारखा वाटून घेतात आणि एप्रिल-मे सगळा उन्हाळा गाण्यांत जातो. आमची पाळी मेच्या पहिल्या आठवड्यात. मिरवणुकीचा डीजे पोरांचा आणि जलसा म्हाताऱ्यांचा, अशी वाटणी कधीच होऊन गेलेली. त्यामुळे जुन्या गायकांपैकी कोणाला बोलवायचं एवढाच वाद उरतो, पण तो होळीपासून सुरू होतो.

वाद दोन पार्ट्यांचा. एक शाहीर रणपिसे, दुसऱ्या लीलाबाई वाघंबरे. लीलाबाईही सत्तरीच्या, पण आवाज अजून पितळी घंटेसारखा. त्यांचा भक्त म्हणजे आमचा मंडपवाला रविंद्र. स्पीकर त्याचे, त्यामुळे आवाजावर बोलायचा हक्क आपलाच आहे असं त्याला वाटतं. दरवर्षी तो लीलाबाईंचं नाव पुढे करायचा आणि दरवर्षी भागुबाई त्याला खाली बसवायच्या. रविंद्र म्हणायचा, तुमच्या शाहिरापेक्षा माझ्या भोंग्याची शिट्टी सुरात असते. भागुबाई म्हणायच्या, असणारच, भोंगाही तुझ्यासारखाच, दुसऱ्यानं बोलल्याबिगर त्येला आवाज न्हाय. लोक ठरावापेक्षा या भांडणासाठीच बैठकीला येत. बहुतेक वेळा भागुबाईच जिंकत.

त्या वर्षी मार्चमध्ये विहाराच्या अंगणात बैठक बसली. समितीचा अध्यक्ष सुमित, लोणी देवकर गावच्या कारखान्यातून पाळी सुटल्यावर तसाच आलेला, अंगावर कंपनीचा शर्ट. त्याने विषय काढला, रविंद्रने घसा साफ केला, लीलाबाईंचं नाव घेतलं आणि भागुबाईंकडे बघून तो थांबला. सगळेच थांबले.

भागुबाई म्हणाल्या, "रविंद्र म्हणतोय ते बराबर हाय. औंदा लीलाबाईला आणा."

रविंद्र तर उभाच राहिला. त्याला वाटलं यात काहीतरी डाव आहे. त्याने विचारलं, का म्हणून? भागुबाई म्हणाल्या, आवाज चांगला हाय तिचा. रविंद्र म्हणाला, आवाज चांगलाच आहे, पण शाहिराचे शब्द कुठे आणि... एवढं बोलून तो स्वतःच दचकला. पण मागे फिरेना. समोर विरोधक उरला नाही म्हटल्यावर बहुधा त्याचा तोल गेला असावा. पुढची दहा मिनिटं तो शाहीर रणपिशांची बाजू मांडत होता आणि भागुबाई लीलाबाईंची. बैठकीत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी काहीच ठरलं नाही. सुमितने कोणाला सुपारी द्यायची ते बघतो म्हणून सांगितलं आणि आम्ही उठलो.

घराकडे जाताना मी त्यांना विचारलं, हे काय केलंत? मी कोणाला सहसा काही विचारत नाही, म्हणूनच कदाचित त्यांनी सांगितलं. रस्त्यात पुढे-मागे कोणी नाही हे बघून त्या थांबल्या.

"त्यांचा आवाज गेलाय तात्या," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत रमाईच्या जयंतीला बारामतीकडं ऐकलं मी. वरच्या पट्टीत गेलं की तुटतोय. त्येंनी ढोलकीवाल्याला दरडावलं, ताल चुकला म्हणून. लोकास्नी वाटलं त्योच चुकला. न्हाय चुकला त्यो."

मी म्हटलं, मग बैठकीत तसं सांगायचं होतं.

"हितं सांगितलं की उद्या इंदापुरात, परवा सणसरला. एका गावानं म्हटलं की समदी गावं म्हणत्यात. कोण देईल मग सुपारी? आन् कुणी हसलं म्हंजी? त्या माणसाला हसलेलं मला बघवणार न्हाय." आणि मग बोट वर करून, "तुमी बोलायचं न्हाय."

मी बोललो नाही. आता लिहितो आहे, कारण हल्ली शाहीर स्वतःच स्टेजवरून हसत हसत सांगतात की वरचा मजला बंद केलाय, खाली राहायला आलोय.

पण त्या वेळी घोळ झाला, आणि तो चांगुलपणातून झाला. सुमितला आणि रविंद्रला वाटलं, म्हातारी रुसली. मागच्या वर्षी रविंद्र बैठकीत बोलून गेला होता की हे गावाचं मंडळ आहे का भागुबाईंचं. तेच मनाला लागलं असणार, असं दोघांनी ठरवलं. मग एका रविवारी दोघे मोटरसायकलवरून बारामतीला गेले आणि भागुबाईंना खूश करायचं म्हणून शाहीर रणपिशांना सुपारी देऊन आले. येताना पेढे आणले. भर बाजारात, सुकटीच्या ढिगाशेजारी उभं राहून सुमितने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. मी तिथेच होतो. भागुबाईंनी पेढा खाल्ला, "बरं केलंस बाबा," म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोंबलाऐवजी सुकट बांधून दिली.

सुपारी मोडता येत नव्हती. गावाने दिलेली सुपारी गावानेच परत मागितली तर ती बातमी आवाजाच्या बातमीपेक्षा वाईट. शाहिरांनी ती स्वतः परत करावी, तर त्यांना उन्हाळ्याच्या चार कार्यक्रमांवरच वर्ष काढायचं असतं. दोन दिवस भागुबाईंनी नेहमीसारखे बाजार केले. तिसऱ्या दिवशी त्या मेघनाच्या घरी गेल्या.

इथे एक रीत सांगायला हवी. जलशात गाणं आवडलं की माणूस उठतो, स्टेजपाशी जातो आणि गायकाच्या हातात दहा-वीस रुपये देतो. गायक गाणं तिथेच थांबवतो, ढोलकी हळू चालू राहते, आणि माइकवर सांगतो की अमक्या अमक्यांकडून बक्षीस आलं, पार्टी आभारी आहे. मग पुढची ओळ. ज्याचं नाव पुकारलं त्याची मान त्या रात्री ताठ असते. पण अलीकडे दहाला स्पीकर बंद करावा लागतो, आणि मागच्या वर्षी अर्धा वेळ नावं पुकारण्यातच गेला होता. म्हणून समितीने ठरवलं होतं की यंदा बक्षीस पेटीत टाकायचं, नाव पुकारायचं नाही.

भागुबाई मेघनाला म्हणाल्या की हे आपल्याला मान्य नाही. पेटीत टाकलेलं कुणाला दिसतं? मेघना त्यांना समजावत राहिली, वेळ जातो, गाणी कमी होतात. भागुबाई हटल्या नाहीत. बातमी गावभर झाली की भागुबाईंना माइकवर स्वतःचं नाव ऐकायचंय. रविंद्रने चहाच्या टपरीवर त्यांना गाठून विचारलं, नावाची पाटीच लावू का स्टेजवर, लायटिंगची? त्या म्हणाल्या, "लाव की. हिरवा दिवा लाव." इतकी वर्षं त्यांनी कोणाचं बोलणं ऐकून घेतलं नव्हतं, आणि आता नावाची हौस असलेली बाई म्हणून सगळं गाव बोलत होतं तर त्या मान हलवत होत्या. शेवटी मेघनाने, म्हातारीचं मन कशाला मोडा म्हणून, नावं पुकारायची मुभा ठेवली.

जलशाच्या दिवशी ऊन उतरल्यावर सतरंज्या पडल्या. भागुबाई नेहमीच्या भिंतीपाशी न बसता सगळ्यात पुढे बसल्या, स्टेजच्या पायरीजवळ. त्यांच्या मागे आळीतल्या बायका. प्रत्येकीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदा तुजं नाव माइकवर आलंच पायजे, आणि मी कोपर मारलं की उठायचं, आधी न्हाय. बायका हौसेने तयार होत्या. का, ते कोणीच विचारलं नाही. मला त्यांनी बाजूला बसवलं. माझं काम धृपद म्हणायचं. "मोठ्यानं म्हणा तात्या, तुमच्या मागं बाप्ये म्हंत्याल." मी आयुष्यात मोठ्याने काही म्हटलेलं नाही, पण त्या दिवशी म्हटलं.

शाहिरांनी वंदना घेतली, पहिलं गाणं खालच्या सुरात छान म्हटलं. लोक खूश. दुसऱ्या गाण्यात चढाची ओळ आली. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो, भागुबाईही. त्यांनी श्वास घेतला आणि नेमक्या त्याच वेळी भागुबाई उठल्या. गुडघे धरलेले, एक एक पायरी चढायला त्यांना वेळ लागला, आणि नोट पदराच्या गाठीतून सुटायला आणखी. शाहीर थांबले. ढोलकी चालू. "निमगावच्या भागुबाई सोनवणे यांच्याकडून बक्षीस आलंय, पार्टी आभारी आहे." तोवर मी आणि माझ्यामागे सगळ्या सतरंजीने धृपद उचललं होतं. चढाची ओळ लोकांनीच म्हणून टाकली.

त्यानंतर तेच चालू राहिलं. चढ आला की कोपर, कोपर बसलं की एक बाई उभी. कधी शकुबाई, कधी सुमितची आई. शाहिरांना दम मिळायचा, धृपद गावाचं व्हायचं, आणि जिथे गायचं नसेल तिथे शाहीर ओळ नुसती बोलायचे. त्यांचं बोलणंही गाण्यासारखं होतं. मागे बसलेल्यांना वाटलं, काय रंगलाय जलसा, बक्षिसांचा पाऊस पडतोय.

चौथ्या की पाचव्या वेळी शाहिरांच्या लक्षात आलं असावं. भागुबाई पुन्हा स्वतः उठल्या आणि पायरीला हात लावला, तेव्हा ते माइक बाजूला करून वाकले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"बसा आता बाई," ते म्हणाले. "हे खालच्या पट्टीतलं हाय. हे जमतंय मला."

भागुबाई बसल्या. पदर डोक्यावर नीट घेतला आणि ते गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.

कार्यक्रम दहाच्या आत संपला. रविंद्र स्पीकरच्या वायरी गुंडाळत मला म्हणाला की लीलाबाईंची गोष्ट वेगळी, पण असा जलसा मी ऐकला नव्हता. त्याने मोबाईलवर चित्रण केलं होतं, ते सगळीकडे पाठवलं. आठ दिवसांत शाहिरांना नव्या सुपाऱ्या आल्या. सणसरची आली, बारामतीतल्या एका मंडळाची आली.

मला वाटलं, झालं, जिंकलो. भागुबाई कपाळाला हात लावून बसल्या. "अवो, तितं कोण उठणार हाय?"

सणसरला मी त्यांच्याबरोबर गेलो. तिथल्या बायका त्यांच्या ओळखीच्या नव्हत्या, कोपर मारायला कोणी नव्हतं. मग त्या एकट्याच उठत राहिल्या. पुन्हा पुन्हा तीच म्हातारी स्टेजकडे जातेय म्हटल्यावर मागची पोरं हसू लागली. एकजण म्हणाला, आजीची लॉटरी लागली वाटतं. भागुबाई वळून म्हणाल्या, "लागली, तुला बी देऊ का धा रुपय, गप बसायचं?" आणि पुढे गेल्या. माझं धृपद तिथे कमी पडलं. एका ठिकाणी शाहिरांचा आवाज तुटलाच. हसलं कोणी नाही, पण पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढं भागुबाईंना पुरलं.

कार्यक्रमानंतर शाहीर जीपपाशी चहा पीत होते. आयुष्यभर ज्या माणसाची गाणी ऐकली, त्याच्याशी भागुबाई पहिल्यांदा स्वतःहून बोलायला गेल्या. हात जोडून जयभीम घातला आणि सरळ म्हणाल्या, "दादा, लीलाबाईंना संगं घ्या. वरचं त्या म्हणत्याल, खालचं तुमी म्हणा."

शाहिरांच्या साथीदारांनी चहाचे कप तसेच धरले. शाहीर आणि लीलाबाई कित्येक वर्षं एका स्टेजवर आले नव्हते. गावोगावचे वाद त्यांच्यावरूनच चालायचे, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. शाहिरांनी कप खाली ठेवला.

"रविंद्रच्या पार्टीत गेला का तुमी?" त्यांनी विचारलं. आमच्या गावचा वाद त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"मी तुमच्याच पार्टीत हाय," भागुबाई म्हणाल्या. "म्हणून सांगती."

शाहीर म्हणाले, "बघू." येताना एसटीत भागुबाई खिडकीबाहेरच बघत होत्या. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. पण निमगावला उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, न्हाय म्हणाले न्हाईत.

मेच्या शेवटी बारामतीच्या कार्यक्रमाचं पत्रक रविंद्रने मोबाईलवर दाखवलं. वर दोन फोटो होते, एकीकडे शाहीर रणपिसे, दुसरीकडे लीलाबाई वाघंबरे. रविंद्र म्हणाला, आता बैठकीत भांडायचं कशावर? भागुबाई म्हणाल्या, कुणाचा फोटो मोठा हाय त्यावर. आणि खरंच त्यांनी मोबाईल जवळ नेऊन दोन्ही फोटो बघितले.

त्या कार्यक्रमाला मी गेलो नाही, गुडघा सुजला होता. रविंद्र गेला होता, त्याच्या चित्रणात सगळं दिसतं. शाहीर खुर्चीवर बसून ओळ सुरू करतात, चढ आला की लीलाबाईंकडे हात करतात, त्या ती ओळ वर नेतात आणि पुन्हा त्यांच्या हवाली करतात. दोन्ही पार्ट्यांचे लोक एकाच सतरंजीवर. भागुबाई पहिल्या रांगेत आहेत. मी ते चित्रण पुष्कळदा पाहिलं. त्या एकदाही उठलेल्या नाहीत. मांडी घालून, हाताने ताल धरून, शेवटपर्यंत बसलेल्या आहेत.

त्या बारामतीतच बहिणीकडे राहिल्या. तिथे ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि जूनच्या सुरुवातीला त्या गेल्या. निमगावला त्यांना आणलं तेव्हा शाहीर आले होते, लीलाबाईही आल्या होत्या. कोणी गायलं नाही. भन्तेजींनी गाथा म्हटल्या, बस.

मी त्यांच्याशी शेवटचं बोललो ते त्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, निमगावच्या स्टँडवर. त्यांनी त्या दिवशी पाटी घेतली नव्हती, हातात नुसती पिशवी होती. बारामतीची गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या आणि मला हाक मारली.

"येतच न्हाय मग?"

"गुडघा," मी म्हणालो.

"बरं ऱ्हावा घरी. बारामतीवरनं कांदं आणू का?"

"आणा दोन किलो."

"बारकं का मोठं?"

"मधलं आणा," मी म्हणालो, आणि गाडी सुटली.